मॉडेल टीचं हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा उडतंय? हेड उघडण्याआधी आणि उघडल्यावर काय तपासायचं

फोर्ड मॉडेल टीचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, काढणं सोपं आहे आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. पाणी उकळलं किंवा एखादा सिलिंडर मिस मारायला लागला की पंधरा बोल्ट सोडून हेड उचललं जातं. हेड आणि ब्लॉकमधला सांधा बंद करणारं नवं तांब्याचं गॅस्केट बसतं, गाडी काही दिवस बरी चालते आणि पुन्हा तेच सुरू होतं. मग दुसरं गॅस्केट, मग तिसरं. अशा गाडीत बहुधा दोनांपैकी एक गोष्ट निघते. एकतर दोष हेडमध्ये कधी नव्हताच, किंवा ज्या कारणानं पहिलं गॅस्केट उडालं ते कारण ब्लॉकमध्ये तसंच राहून गेलं.

आधी हे इंजिन कसं आहे ते लक्षात घ्या. १९०८ ते १९२७ या काळातल्या या गाडीत चारही सिलिंडर एकाच ओतीव ब्लॉकमध्ये आहेत. बोअर (सिलिंडरचा व्यास) पावणेचार इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) चार इंच, एकूण १७७ घनइंच म्हणजे २.९ लिटर. ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं, पण वेगळं निघणारं. त्या काळच्या अनेक इंजिनांत सिलिंडर आणि त्याचं डोकं एकाच ओतिवात असायचं, त्यामुळे तिथं गॅस्केटचा प्रश्नच नसे. टीमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी आहेत. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, रॉकर नाहीत. चार खोलगट चेंबर, चार प्लगची भोकं आणि आत पाण्याची पोकळी असलेलं ते एक जाड झाकण आहे. त्यामुळे बिघडण्यासारख्या गोष्टी मोजक्याच: हेड वाकतं, तडकतं, पाण्यानं कुजतं, किंवा बोल्ट त्याला नीट दाबून धरत नाहीत. शेवटचं कारण सर्वांत जास्त सापडतं आणि तेच सर्वांत कमी तपासलं जातं.

लक्षणं

खालीलपैकी दोन किंवा जास्त लक्षणं एकत्र दिसली तर हेडवर संशय घ्या. एकट्या लक्षणावरून निकाल देऊ नका.

- शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम मरगळतात. हँडल फिरवताना दोन ठिकाणी जोर लागतच नाही.
- थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्याच मिनिटात रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात.
- हेड आणि ब्लॉकच्या सांध्यातून फुसफुस आवाज येतो, तिथं काजळीची रेघ किंवा गंजाचा ओघळ दिसतो.
- गाडी रात्रभर उभी राहिली की पाणी कमी होतं, पण जमिनीवर थेंब नसतो.
- एकच प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघतो किंवा त्याच्या टोकावर ओल असते.
- तेल दुधी होतं.
- इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येतच राहते.

"पाणी उकळतं" हे लक्षण मुद्दाम यादीत घेतलेलं नाही. टी उकळण्याची कारणं बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक हेडच्या बाहेर असतात.

पहिल्या तपासण्या, पैसे न लागणाऱ्या

*पाण्याची पातळी.* अगदी सुरुवातीच्या सुमारे अडीच हजार गाड्या सोडल्या तर टीला पाण्याचा पंप नाही. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड पाणी खालून आत येतं, एवढ्यावर सगळं फिरतं. ही साखळी चालू राहायची तर रेडिएटरच्या वरच्या टाकीत पाण्याची पातळी वरच्या होजच्या तोंडाच्या वर हवी. त्याखाली गेली की फिरणं थांबतं, हेडमधलं पाणी तिथंच तापून उकळतं आणि गॅस्केट उडाल्यासारखी गाडी वाफ फेकते. उलट, काठोकाठ भरलं तर फुगलेलं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर जातं आणि "गाडी पाणी पिते" असा गैरसमज होतो. थंड गाडीत एक काडी बुडवून पातळीची खूण करा आणि तीन-चार फेऱ्यांनंतर बघा. पाणी एका ठरावीक पातळीवर येऊन तिथंच थांबत असेल तर गळती नाही.

*स्पार्कचा दांडा.* स्टिअरिंगखालचा स्पार्कचा दांडा वर ठेवला की ठिणगी उशिरा पडते. सुरू करताना तो वर हवा, चालवताना खाली ओढलेला हवा. वर ठेवून चालवलं तर जळणं उशिरा होतं, उष्णता एक्झॉस्टच्या वाटेनं ब्लॉकमध्ये शिरते, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (जळलेला वायू बाहेर नेणारा नळ) लाल व्हायला लागतो आणि पाणी उकळतं. बोरघाटासारख्या लांब चढावर लो गिअरचं पेडल दाबून चढताना हे हमखास होतं. टीची पाण्याची व्यवस्था उघडी आहे, दाबाखाली नाही. त्यामुळे खंडाळ्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. चढावर थोडी वाफ येणं म्हणजे हेड गेलं असं नाही.

*पंख्याचा पट्टा आणि मिश्रण.* पट्टा सपाट असतो. त्यावर तेल लागलं की तो घसरतो आणि पंखा नुसता फिरल्यासारखा दिसतो. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली तरी इंजिन तापतं आणि कार्ब्युरेटर फट्फट् करतो. डॅशवरची मिश्रणाची कांडी पाव फेरी उघडून बघा. आवाज गेला तर पुढे शोधायला नको.

*हँडल.* इग्निशन बंद, स्पार्क वर, हँडब्रेक ओढलेला. हात उलट झटक्यानं मोडू नये म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल सावकाश वर ओढा. दोन पूर्ण फेऱ्यांत चार ठिकाणी जोर लागला पाहिजे आणि चारही ठिकाणी सारखा. जिथं हँडल सहज निघून जातं तो सिलिंडर कमजोर आहे. हँडल एखाद्या जागी ठार अडलं तर अजिबात जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असू शकतं आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. चारही प्लग काढा, मग फिरवा. कोणत्या भोकातून पाणी उडतं ते बघा, तिथंच उत्तर आहे.

हीच तपासणी थंड आणि गरम अशी दोनदा करा. थंड असताना जोर बरोबर आणि गरम झाल्यावर गायब, असं असेल तर संशय गॅस्केटवर नाही, व्हॉल्व्हच्या क्लिअरन्सवर, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी (स्टेम) आणि तिला उचलणारा टॅपेट यांच्यातल्या अंतरावर घ्यायचा. मूळच्या टीमध्ये टॅपेटला ॲडजस्टमेंट नाही, स्टेम घासून अंतर ठेवतात. ते १/६४ इंचाच्या खाली आणि १/३२ इंचाच्या वर नको. कमी पडलं तर गरम स्टेम लांबतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. या एका कारणासाठी कित्येक चांगली गॅस्केटं फेकली जातात.

*कॉइल.* इंजिन चालू ठेवून कोरड्या लाकडी काडीनं एकेका सिलिंडरला ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या ट्रेंबलरची (वरची थरथरणारी) पट्टी दाबून धरा, म्हणजे तेवढा सिलिंडर बंद पडेल. हातानं नको, झटका बसतो. ज्या सिलिंडरला बंद केल्यावर इंजिनच्या आवाजात काही फरक पडत नाही तो आधीच मेलेला आहे. आता त्याची कॉइल शेजारच्या कॉइलच्या जागी बदला. दोष कॉइलबरोबर गेला तर हेडचा संबंध नाही.

*साबणाचं पाणी.* इंजिन चालू असताना हेडच्या कडेनं आणि प्लगच्या बुडाशी ब्रशनं साबणाचं पाणी लावा. टीच्या प्लगचे आटे अर्ध्या इंचाचे, निमुळते असतात. अर्धवट घट्ट प्लगातून येणारी हवा गॅस्केटच्या गळतीसारखीच फुसफुसते. फेस प्लगाभोवती आला तर प्लग नीट बसवा, सांध्यावर आला तर पुढे चला. याच वेळी तेलाच्या कुपीनं इनटेक मॅनिफोल्डच्या सांध्यांवर दोन-चार थेंब सोडा. आवाज बदलला तर हवा तिथून घुसते आहे. त्यानंही गाडी मिस मारते.

*तेल.* इंजिन रात्रभर थंड राहिल्यावर खालचा ड्रेन प्लग एक-दोन आटे सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे आधी तेच बाहेर येतं. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, महिनाभर उभ्या गाडीत हवेतला ओलावा साचून थोडे थेंब येतात. ते गळतीचं लक्षण नाही. पाण्याची धार लागली तर मात्र गाडी तिथंच थांबवा. टीची मेन बेअरिंग आणि रॉडची बेअरिंग व्हाइट मेटलची आहेत आणि तेल नुसतं शिंपडून पोचतं, दाबानं नाही. पाणी मिसळलेल्या तेलावर चालवलेली बेअरिंग नव्यानं ओतावी लागतात आणि तो खर्च हेडच्या कितीतरी पट आहे.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

*कॉम्प्रेशन गेज.* अर्धा इंच निमुळत्या आट्यांचं ॲडाप्टर लागेल. ते नसेल तर जुन्या प्लगचं पोर्सेलिन काढून त्याच्या बुडावर जोड बसवून घ्या. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. निरोगी टी साधारण ४५ ते ६० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) दाखवते. आकडा लहान वाटला तरी घाबरू नका. सुरुवातीच्या इंजिनांचं कॉम्प्रेशन साडेचारास एक आणि नंतरच्यांचं चारास एकच्याही किंचित खाली आहे. आकड्यापेक्षा चौघांतला सारखेपणा महत्त्वाचा. हातानं फिरवताना आकडा कमी येईल, तेव्हा चारही सिलिंडर सारख्याच फेऱ्यांनी फिरवा.

शेजारचे दोन कमी आणि दोघांचा आकडा जवळपास सारखा, तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी जळाली आहे. एकच कमी असेल तर आधी व्हॉल्व्ह, मग पिस्टनच्या रिंग, मग गॅस्केट असा विचार करा. चमचाभर तेल घालून पुन्हा मोजण्याची युक्ती इथं अर्धीच चालते, कारण चेंबर पिस्टनवरून व्हॉल्व्हपर्यंत पसरलेलं आहे आणि तेल दोन्हीकडे जातं.

फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-२-४-३ आहे आणि रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला. यावरून आवाजाचाही अर्थ लागतो. दोन आणि तीन हे एकमेकांपासून बरोबर एक फेरी दूर आहेत. दोनमध्ये स्फोट होतो तेव्हा तीन आत मिश्रण ओढत असतो. त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलं की जाळ तीनमधून इनटेकमध्ये जातो आणि कार्ब्युरेटर जोरात फटाके वाजवतो. मिश्रण वाढवूनही ते थांबत नाहीत. एक-दोन किंवा तीन-चारमध्ये फुटलं तर गोष्ट वेगळी होते. एक पेटतो तेव्हा दोन दाबत असतो, चार पेटतो तेव्हा तीन दाबत असतो. शेजारचा जाळ दाबल्या जाणाऱ्या मिश्रणात घुसून ते वेळेआधी पेटवतो, त्यामुळे ओझ्याखाली ठोके ऐकू येतात.

*बुडबुड्यांची तपासणी.* इंजिन पूर्ण थंड हवं. पंख्याचा पट्टा काढा. पाणी थोडं उतरवून हेडच्या पुढचा पाण्याचा आउटलेट काढा, मग हेडच्या तोंडापर्यंत पाणी भरा. इंजिन सुरू करून अर्धं मिनिट बघा, मिनिटापेक्षा जास्त कधीच नाही. सिलिंडरमधली हवा पाण्यात जात असेल तर लगेच आणि लयीत बुडबुडे येतात. सुरुवातीला अडकलेली हवा म्हणून दोन-चार येतील, ते सोडून द्या. रेडिएटरच्या तोंडातून गरम इंजिनवर ही तपासणी करू नका. तिथं वाफेचे बुडबुडे आणि गळतीचे बुडबुडे वेगळे ओळखू येत नाहीत.

*हवा भरून ऐकणं.* गाडीची चाकं ओट लावून पक्की अडवा, लिव्हर पुढे टाकून गाडी टॉप गिअरमध्ये ठेवा म्हणजे इंजिन फिरणार नाही. हँडल गुंतलेलं नाही ना, ते बघा आणि त्याच्यासमोर उभे राहू नका. तपासायचा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून सुमारे ३० पीएसआयनं हवा सोडा. आता ऐका. कार्ब्युरेटरमधून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, पुढच्या तेल भरायच्या तोंडातून आला तर रिंग. शेजारच्या प्लगच्या भोकातून आला तर मधलं गॅस्केट. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. या सगळ्या तपासण्यांत सर्वांत भरवशाची हीच. हिच्या निकालाशिवाय हेड काढू नये.

हेड काढताना

पाणी उतरवा, आउटलेट आणि वायरी सोडा. बोल्ट बाहेरून मध्याकडे, दोन-तीन टप्प्यांत सैल करा. बोल्ट ७/१६ इंचाचे, इंचाला १४ आट्यांचे आहेत. भारतात मॉडेल टी फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीमार्फत येत असे, पण आटे इंचाचेच. मिलिमीटरचा "जवळपास बसणारा" बोल्ट कोणी फिरवला असेल तर त्या भोकाचे आटे गेलेले समजा.

घट्ट बोल्टला आदल्या रात्रीपासून गंज सोडवणारं तेल द्या. पाना लावून आधी किंचित घट्ट दिशेनं, मग सैल दिशेनं हलवा. बोल्ट रबरासारखा पिळला जातोय असं हाताला वाटलं तर थांबा, तो तुटण्याच्या बेतात आहे.

सगळे बोल्ट निघूनही हेड चिकटून राहिलं तर सांध्यात स्क्रू ड्रायव्हर ठोकू नका. बिडावर पडलेला एक ओरखडासुद्धा पुढच्या गळतीची वाट होतो. प्लग जागेवर ठेवा, इग्निशन बंद ठेवा आणि हँडल फिरवा. इंजिनचंच कॉम्प्रेशन हेड उचलून देतं.

जुन्या गॅस्केटच्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. तो कोरडा खरवडू नका आणि मशीनच्या तारेच्या ब्रशनं तर मुळीच नको. पाण्यानं ओला करून काढा, मास्क लावा, ओल्यानेच पिशवीत बंद करा.

उघडल्यावर: खरं कारण बहुधा इथं असतं

गॅस्केट फेकण्याआधी ते वाचा. सिलिंडरच्या कड्यावर तांबं कुठं काळं पडलंय, कुठं ठसा उमटलाच नाही ते बघा. ठसा सगळीकडे सारखा असेल आणि एकाच जागी जळालं असेल तर तिथं खळगा किंवा तडा शोधा. एका पूर्ण बाजूला ठसा फिकट असेल तर हेड वाकलंय किंवा त्या बाजूचे बोल्ट ओढतच नव्हते.

*बोल्टची भोकं.* पुन्हा पुन्हा उडणाऱ्या गॅस्केटमागे हे कारण सर्वांत जास्त आढळतं. भोकाच्या तळाशी शंभर वर्षांचा गंज, काजळी आणि जुन्या गॅस्केटचा चुरा साचतो. बोल्ट त्या गाळावर जाऊन टेकतो. टॉर्क रेंच (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना) बरोबर आकडा दाखवून "कट्" करतो, पण तो जोर हेड दाबण्यात नाही, गाळ चेपण्यात गेलेला असतो. हेड एकदा-दोनदा फेसिंग होऊन (मशीनवर घासून सपाट करून) पातळ झालं असेल तरी तेच होतं, कारण बोल्ट तेवढाच लांब राहतो. भोकात तेल किंवा पाणी असेल तर आणखी वाईट. आवळताना त्या द्रवाचा दाब बिडाला आतून फोडू शकतो.

उपाय साधा आहे. ७/१६-१४ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानंच, तेल लावून, पाव फेरी पुढे आणि थोडा मागे असा प्रत्येक भोकातून फिरवा. हा टॅप आटे साफ करण्यापुरता. नवे आटे कापले जात आहेत असं वाटलं तर थांबा. मग हवेनं चुरा उडवा, डोळ्यांवर चष्मा ठेवून. शेवटी चिंधी गुंडाळलेल्या तारेनं तळ कोरडा करा. आता गॅस्केट न लावता हेड ठेवा आणि पंधराही बोल्ट हातानं फिरवा. प्रत्येक बोल्टचं डोकं हेडला सपाट टेकलं पाहिजे. एखादा वरच अडला तर तो लांब आहे किंवा तळाशी अजून कचरा आहे. गॅस्केटशिवाय टेकणारा बोल्ट गॅस्केटसह नक्की ओढेल. या तपासणीला वीस मिनिटं लागतात आणि तरी ती जवळपास कोणी करत नाही.

भोकांच्या तोंडाशीही बोट फिरवा. वर्षानुवर्षं आवळून तिथलं बीड किंचित वर ओढलेलं असतं. ते बारीक उंचवटे हेडला अधांतरी धरतात. काउंटरसिंकनं (भोकाची कड उतरवणाऱ्या हत्यारानं) हातानं अर्धी-एक फेरी देऊन ते काढून टाका.

बोल्ट जुने असतील तर मान बारीक झालेले, वाकडे किंवा गंजाने खाल्लेले टाकून द्या. पंधराचा पूर्ण संच बदलणं उत्तम. निम्मे जुने, निम्मे नवे असले की ताण सारखा पडत नाही.

*सपाटी.* सरळ पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फटीत फिलर गेज (मापाच्या पातळ पट्ट्या) सरकवा. ०.१० मिलिमीटरची पट्टी कुठं आत जात नसेल तर हेड चांगलं. त्यापेक्षा जास्त असेल तर फेसिंग. ब्लॉकलाही हेच करा. बहुतेक लोक फक्त हेड तपासतात आणि वाकलेल्या ब्लॉकवर सपाट हेड बसवतात. फेसिंग करताना जेमतेम पृष्ठभाग साफ होईल एवढंच काढायला सांगा. फेसिंगनंतर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यावर मळलेल्या मातीच्या छोट्या गोळ्या ठेवून, जुनं गॅस्केट लावून हेड बसवा, इंजिन हातानं दोन फेऱ्या फिरवा आणि गोळ्या किती चेपल्या ते मोजा. व्हॉल्व्ह जास्त उचलणारी कॅमशाफ्ट किंवा बाहेरून घेतलेलं ॲल्युमिनियमचं हेड असेल तर ही पायरी टाळूच नका.

*तडे.* ब्लॉकमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट आणि सिलिंडर यांच्यामधला अरुंद भाग आधी बघा. नंतर दोन सीटमधला पूल, मग हेडमध्ये प्लगच्या भोकाभोवती आणि चेंबरच्या छतावर. घरगुती तपासणी अशी: भाग पूर्ण स्वच्छ करा, रॉकेलनं ओला करून दहा मिनिटं ठेवा, पुसून कोरडा करा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर रॉकेल त्यातून परत झिरपून पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. शंका उरली तर डाय पेनिट्रंटचा (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाचा) संच आणा. त्याचे स्प्रे मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. थंड देशांतून आलेल्या गाडीत पाणी गोठून फुटलेला जॅकेट जुन्या पट्टीनं बंद केलेला असू शकतो, म्हणून बाहेरचा रंगही खरवडून बघा. आपल्याकडचे तडे मात्र जास्त करून उकळत्या इंजिनवर थंड पाणी ओतल्यानं पडतात. घाटात गाडी उकळली तर अर्धा तास थांबा, मग इंजिन मंद चालू ठेवून कोमट पाणी थोडं थोडं घाला.

*खपली.* हेडच्या पाण्याच्या भोकांतून तार घालून बघा. बोअरवेलच्या जड पाण्यानं आत पांढरी दगडी खपली जमते, खास करून मागच्या सिलिंडरभोवती. तिथलं बीड जास्त तापतं आणि गॅस्केट त्याच टोकाला जळतं. बिडाचं हेड सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात ठेवून खपली काढा, मग भरपूर धुवा. यापुढे डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक. गळती थांबवणारी पूड किंवा द्रव यात घालू नका. पंप नसलेल्या व्यवस्थेत रेडिएटरच्या बारीक नळ्या बंद झाल्या की दुरुस्तीची वाट आणखी लांबते.

बसवताना

दोन्ही पृष्ठभाग थिनरनं पुसून कोरडे करा. गॅस्केट ब्लॉकवर ठेवून प्रत्येक पाण्याचं आणि बोल्टचं भोक जुळतंय का बघा. तांब्याचा स्प्रे पातळ मारला तर चालतो, जाड सीलंट नको. बोल्टच्या आट्यांना थोडं तेल, डोक्याखालीही थेंबभर. ओल्या आणि कोरड्या आट्यांना एकाच आकड्यावर वेगळा ताण येतो, म्हणून पंधराही सारखेच ठेवा.

मध्यापासून बाहेर, गोल फिरत तीन टप्प्यांत आवळा: आधी २० फूट-पाउंड, मग ३५, मग ५० (म्हणजे २७, ४७ आणि ६८ न्यूटन-मीटर). ५५ च्या वर जाऊ नका. इंजिन चालवून पूर्ण गरम करा. बिडाचं हेड असेल तर गरम असतानाच त्याच क्रमानं पुन्हा टॉर्क द्या. ॲल्युमिनियमचं असेल तर पूर्ण थंड झाल्यावर, कारण ते गरम होऊन जास्त फुगतं. ८० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. यात एखादा बोल्ट पाव फेरीपेक्षा जास्त फिरला तर त्याच्या आट्यांवर संशय घ्या.

इथं थांबा आणि मशीन शॉपला बोलवा

बोल्ट ब्लॉकमध्ये तुटला तर हातातल्या ड्रिलनं सुरुवात करू नका. कडक बोल्टवरून ड्रिल सरकून मऊ बिडात जातं आणि मग भोकच तिरकं होतं. मध्य अचूक धरून काढायचं आणि गरज पडल्यास आट्यांचं इन्सर्ट बसवायचं काम मशीनवरच होतं.

व्हॉल्व्ह सीटजवळ तडा सापडला, किंवा रॉकेलची रेघ सिलिंडरच्या भिंतीवर उतरली, तर साधं वेल्डिंग करून घेऊ नका. बीड गरम-थंड होताना वेल्डच्या शेजारी नवा तडा पडतो. स्क्रूच्या रांगेनं तडा शिवणारे कारागीर हे काम थंडच करतात. त्यांच्याकडे जा.

वाक पाव मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तेलात पाण्याची धार आली असेल, किंवा खालून ओझ्यावर ठणठण ऐकू येत असेल तर इंजिन सुरू करू नका. आणखी एक गोष्ट, जी ऐकून लगेच बंद करायची: चालत्या इंजिनमध्ये अचानक धातूचा ठोका आणि त्याच क्षणी एक सिलिंडर मेला. जुन्या टीचे मूळ व्हॉल्व्ह दोन तुकड्यांचे आहेत, बिडाचं डोकं पोलादी स्टेमवर बसवलेलं. ते डोकं सुटून पिस्टन आणि हेडच्या मध्ये सापडतं. प्रत्येक पुढची फेरी ब्लॉकचं आयुष्य कमी करते. गाडी ओढून न्या.

मशीन शॉपला देताना हेड आणि ब्लॉक दोन्ही द्या. ही व्यवस्था दाबाखाली चालत नाही हे आधीच सांगून पाण्याची तपासणी २० पीएसआयपर्यंतच करायला सांगा. जुनं गॅस्केट, बोल्ट आणि कॉम्प्रेशनचे चार आकडे चिठ्ठीवर लिहून बरोबर पाठवा. फेसिंगमध्ये किती काढलं तो आकडा लिहून घ्या आणि गाडीच्या वहीत ठेवा. पुढच्या वेळी बोल्टची लांबी तपासताना तोच लागणार आहे.